दगडावरचे जिवंत नाव

वाचकहो, ज्या महाकाय युद्धनौकेचे नाव आज लहान मुलाच्या तोंडीही आहे, ती या प्रकरणात समुद्राच्या तळाशीच राहणार आहे. तिला वर काढण्याचा माझा मानस नाही. तिच्यापायी कुरे गावच्या डोंगरावर जो एक दगड उभा राहिला, त्या दगडापुढे ओकुमोतो घराण्यातील पाच माणसे एका रविवारी कशी समोरासमोर आली, कोणी कोणाची बाजू धरली व कोणी सोडली, आणि दिवस कलण्यापूर्वी एका वृद्ध स्त्रीचे नाव कोणाच्या नावाशेजारी ठरले, ती हकीकत येथे यथामती निवेदन केली जाईल. कोणाच्या मृतास उणे बोलण्याचा हेतू नाही, आणि जिवंतांस तर नाहीच नाही.

कुरे गावात घरे डोंगराच्या अंगावर, बाजार त्याखाली, आणि गोदी सर्वांच्या तळाशी आहे. मेलेल्या माणसांस मात्र सर्वांहून वरची जागा दिलेली आहे. श्राद्धाच्या तिथीपूर्वीच्या रविवारी ओकुमोतो मंडळी समाध्यांच्या पायऱ्या चढत होती. पायऱ्यांना मध्यावर एक वळण आहे. तेथे झाडी संपते आणि खालचे सारे बंदर एकाएकी उघडे पडते: गोदीचे उंच छप्पर, क्रेनच्या माना, दूरवर कालवांच्या शेतीचे तराफे. त्या वळणावर पाऊल पडताच किकुनोने आणि तिची नणंद ताकेयो हिने, एकमेकींकडे न पाहता, आपापले तोंड डोंगराच्या बाजूस फिरवले.

मागून येणारी रित्सुको हसली. "आई, अगं अजून? आता कोण शिपाई उभा आहे तुला हटकायला?"

"मान आपली आपण वळते," किकुनो म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं!" ताकेयो काठी टेकीत म्हणाली. "आमच्या वेळी इथून खाली नजर गेली, तर घरी बापाला बोलावणं यायचं. शाळेत जाताना आम्ही खेकड्यासारख्या तिरक्या चालायचो. बाहेरगावचे लोक सोयरीक जुळवताना म्हणायचे, कुरेची मुलगी करा, पण आधी मान सरळ आहे का बघून घ्या."

"म्हणून तुमचं लग्न उशिरा झालं वाटतं, आत्या?"

"माझी मान सरळच होती. जीभ तिरकी होती."

हसू पसरले आणि चढणीच्या धापेत विरले. तरुणपणी त्या वळणावरून मान फिरवण्याचे कारण खाली गोदीत बांधले जात असलेले ते जहाज होते. त्यावर छप्पर घातले होते, भोवती पडदे बांधले होते, आणि साऱ्या गावास न पाहण्याची शिस्त लावली होती. किकुनोने ती शिस्त इतकी पाळली की ते जहाज तिने जन्मात पाहिले नाही. पुढे तिचा नवरा इसामु त्याच जहाजावर चढला, आणि त्याच्यासह गेला.

समाधीपाशी पोचल्यावर हारुओने बादली खाली ठेवली. हारुओ हा इसामुचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. आज त्याचे केस पिकले होते, आणि चेहरा असा हुबेहूब बापाचा होता की किकुनोस कधी कधी वाटे, हा म्हातारा होऊन दाखवीत आहे, जे बापास करता आले नाही. सर्वांच्या मागून, फळांची पिशवी खांद्यास लावून, तामोत्सु आले. तामोत्सु हे इसामुचे धाकटे भाऊ, आणि गेली सत्तेचाळीस वर्षे किकुनोचे पती.

येथे दोन दगड शेजारी उभे होते. एक घराण्याचा, रुंद आणि बुटका. त्यात सारे पूर्वज एकत्र. दुसरा इसामुचा, उंच, टोकदार माथ्याचा, लढाईत गेलेल्यांचा असतो तसा. त्याखाली अस्थी नव्हत्या. सरकारकडून आलेल्या पांढऱ्या कापडातील पेटीत नावाच्या चिठ्ठीखेरीज काही नव्हते, आणि तीच चिठ्ठी पुरली होती. मधोमध इसामुचे नाव होते. आणि त्याच्या डाव्या अंगास, तांबड्या रंगाने भरलेले, किकुनोचे.

त्या भागात रीतच अशी की नवरा गेला म्हणजे दगडावर बायकोचेही नाव कोरून ठेवतात, आणि ती जिवंत आहे तोवर त्या अक्षरांत तांबडा रंग भरतात. ती गेली की रंग काढतात. किकुनोच्या सासऱ्यांनी घाई केली. सून नातवासह माहेरी निघून जाईल या भीतीने त्यांनी पुत्राच्या नावाशेजारी तिचे नाव कोरविले. पुढे वर्ष उलटले नाही तोच त्यांनीच विचार फिरवला, आणि घर मोडू नये म्हणून तिला धाकट्या मुलाच्या पदरात घातले. नावाचे काय, असे कोणी विचारता ते म्हणाले, "दगडावरचं पुसत नसतात." म्हातारा शब्दाचा पक्का होता, आणि चुकीचाही पक्का होता.

त्या दिवसापासून किकुनो त्या दगडाजवळ गेली नाही. सर्वांच्या मागे उभी राहून ती हात जोडी व नजर पायांपाशी ठेवी; तो तांबडा मात्र डोळ्यांच्या कडेस दिसेच.

तेथे आधीच आलेल्या पुरोहितांनी मंत्र म्हटले, सर्वांनी उदबत्त्या वाहिल्या. मृत्यूचे वर्ष धरून हे पन्नासावे श्राद्ध होते, आणि शेवटचे. यानंतर मृताचे वेगळे नाव राहत नाही. तो पितरांत मिळतो, आणि त्याचा दगड आडवा करून मातीत निजवतात. वस्त्रे आवरीत पुरोहित म्हणाले, "एक अडचण आहे. जिवंत माणसाचं नाव असलेला दगड मला आडवा करता येणार नाही. एक तर यांचं नाव घासून काढा, नाही तर दगड असाच उभा राहू द्या. मला दुसऱ्या घरी जायचं आहे. पाथरवट इथेच आहे. तुमचं जेवण होईपर्यंत त्याला काय ते सांगा."

पाथरवट निशिदा दूर पायरीवर बसून हातोडीची मूठ कापडाने पुशीत होता.

चटया अंथरल्या गेल्या. किकुनोने डबे उघडले: अळकुड्या, गाजर, कमळकाकडी यांचे शिजवण, आंबट भाताच्या पुरचुंड्या, आणि एका बाटलीत साके, म्हणजे तांदळाचे मद्य. ती वाढू लागली. आणि वाढता वाढता तिच्या ध्यानी आले की, मेल्यावर आपण कोणाजवळ पडायचे, हे आज जेवणाच्या पंगतीत ठरणार आहे, आणि पंगतीला वाढायचेही आपणच आहे.

"मी बोलू का?" हारुओ म्हणाला. त्याने घास घेतला नव्हता. "आपल्या स्मारक-मंडळाने बंदराजवळ बाग करायला जागा घेतली आहे. पुढच्या वर्षी जहाज बुडाल्याला पन्नास वर्षं पुरी होतात. देशभरातून लोक येतील. मंडळाचं म्हणणं, असे दगड आडवे करू नका. तिथे उभे करू. यावर जहाजाचं नाव नाही, ते कोरून घेऊ. आणि आईचं नाव आहे तसंच, तांबड्यात."

"तसंच का?" रित्सुकोने विचारले.

"कारण अशा बायका आता किती उरल्यात? त्या जहाजावरच्या खलाशाची पत्नी, अजून हयात, आणि दगडावर तिचं तांबडं नाव. लोकांना बघायचं असतं हे. आईने एकदा शेजारी उभं राहायचं, फोटोपुरतं."

"आणि बाबा कुठे उभे राहणार त्या फोटोत, दादा? छत्री धरून मागे?"

रित्सुको ही तामोत्सुची मुलगी. भाऊ-बहीण एकाच ताटात वाढली होती, परंतु आज ताटाच्या मधोमध रेघ पडली.

"बाबांचा अपमान करायचा नाहीये मला," हारुओ म्हणाला. "ज्यांनी मला वाढवलं ते माझे बाबाच. पण लहानपणी तुला एकच बाबा होते, मला दोन. फोटोतले आणि घरातले. फोटोतल्यांचं माझ्याकडे दुसरं काय आहे? हा एक दगड. तोही मातीत घालायचा?"

ज्यांच्याविषयी हे चालले होते ते तामोत्सु एक पपनसासारखे जाड सालीचे फळ सोलीत बसले होते. तरुणपणापासून गोदीत रिवेटच्या, म्हणजे लोखंडी खिळ्यांच्या, ठोक्यांत काम केल्याने त्यांना ऐकू कमी येत असे; घरात अशी वदंता होती की त्यांना नको ते अजिबात ऐकू येत नाही.

ताकेयोने साकेचा पेला खाली ठेवला. "मला विचाराल तर हारुओ बरोबर बोलतोय. माझा दादा काही साध्या होडीवर नव्हता गेला. जगात तेवढं मोठं जहाज झालं नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा दगड आडवा करायचा म्हणजे—"

"तर मग आत्या, पुढच्या महिन्यात क्रेन आणून खाली नेतो."

"खाली?" ताकेयो थांबली. "खाली कुठे?"

"बंदरावर. बागेत. सांगितलं ना. तिकीटघराच्या शेजारीच जागा मिळते आहे."

"तिकीटघराच्या!" ताकेयोची काठी चटईवर आपटली. "माझ्या दादाला बाजारात नेऊन बसवणार? आईबापांपासून उठवून? शेजारी आइसक्रीमची गाडी लावा आणि एक! नको रे बाबा. इथेच निजू दे त्याला."

"म्हणजे आत्या, तुम्ही माझ्या बाजूला?" रित्सुकोने जरा संशयाने विचारले.

"तुझ्या बाजूला कशी येईन? तू म्हणणार, नाव घासून काढा."

"म्हणणारच. आईचं नाव बाबांशेजारी हवं. माझ्या बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या जागेवर बसून खाल्लं, असं दिसायला नको."

"ते घासायचं की नाही, हे तुझ्या आईला विचार ना!" ताकेयोच्या स्वरात धार आली. "जी बाई दरवर्षी वसंतात गुपचूप वर येऊन आपल्या हाताने त्या अक्षरांत नवा रंग भरते, तिच्या मनात कोण आहे, हे मी कशाला बोलू? सगळ्यांना दिसतंय. तामोत्सुला ऐकू येत नसेल, पण डोळे तर आहेत."

किकुनोच्या हातातील वाढप थांबले.

"आई," रित्सुको हळूच म्हणाली, "मी हे कधी तोंडाने बोलले नाही. पण लहानपणापासून बघतेय. दरवर्षी ते नाव ताजं असतं. मला बाबांच्या तोंडाकडे बघवत नसे. का करतेस?"

"मी?" किकुनोने नणंदेकडे पाहिले. "मी नाही. मला वाटलं... तुम्ही करता."

"मी? माझे गुडघे बघ! आणि मी कशाला तुझं नाव रंगवू?"

"मी कोणाची बायको आहे, हे मी विसरू नये म्हणून."

ताकेयोने काठी चटईवर आडवी ठेवली.

किकुनोस स्वतःच्या मनाची लाज वाटली. इतकी वर्षे त्या ताज्या रंगास तिने नणंदेचा टोमणा मानले होते. त्या रागापोटी दर वसंतात ताकेयोच्या पानात कमळकाकडीचे कडेचे, धागे असलेले तुकडे पडत आले होते. आजही पडले होते.

"मग कोण?" हारुओ म्हणाला. "मी तर नाही."

इतक्यात पाथरवट उठून जवळ आला. जेवण आटोपले असे त्यास वाटले असावे. "आजी, घासायचं असो नसो, आधी एकदा बोट ठेवून दाखवा. तुमचं नाव हेच ना? आमच्यात तशी पद्धत आहे. ज्याचं नाव, त्याने दाखवायचं. चुकीचं नाव छाटलं तर माझी सात कुळं मला शिव्या देतील."

किकुनो उठली. रुंद दगडाजवळून पुढे जाऊन ती उंच दगडापाशी वाकली, आणि सासऱ्यांनी कोरविलेले आपले नाव तिने त्या दिवशी प्रथम जवळून पाहिले. तिने बोट ठेवले.

अक्षरांत रंग नव्हता, रंगाचे थर होते. एकावर एक, इतके की कोरलेला खळगा जवळजवळ भरून आला होता. आणि तो तांबडा दगडकामाचा नव्हता. तो शेंदरी होता, दाट, खरखरीत. किकुनोने नखाने कड खरवडली. नखात जे आले ते तिने तीस वर्षे शर्टांच्या बाह्यांतून घासून काढले होते, जेवताना नवऱ्याच्या नखांत पाहिले होते, न्हाणीच्या लाकडी टबाच्या काठावर बोटांच्या ठशांतून पुसले होते. गोदीत लोखंडाला गंज चढू नये म्हणून जो शेंदरी हात देतात, तोच हा.

ती वळली. तामोत्सु खाली मान घालून फळाच्या फोडी पाच पानांत वाटून ठेवीत होते.

"अहो," ती म्हणाली.

त्यांनी ऐकले नाही. आणि मग ज्या स्त्रीने जन्मभर उंच स्वरात शब्द काढला नव्हता, तिला साऱ्या डोंगरास ऐकू जाईल असे ओरडावे लागले:

"अहो! हे माझं नाव तुम्ही रंगवत होतात का?"

चार समाध्यांपलीकडे फुले वाहणारी एक मंडळी वळून पाहू लागली. तामोत्सुंनी हातातील फोड पानात ठेवली.

"हो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"अं?"

"कधीपासून म्हणते!"

"लग्नानंतर... रित्सुको पोटात होती तेव्हापासून." ते उठले नाहीत; बसूनच बोलू लागले, आणि बहिऱ्या माणसाच्या सवयीने मोठ्याने. "बाबांनी लावलेला रंग तोवर उडाला होता. आपण वर आलो होतो. तू मागे उभी होतीस, या कामेलियाच्या फुलझाडापाशी. शेजारच्या समाधीवर एक परकी बाई आली होती. तिने दगड वाचला, हात जोडले आणि म्हणाली, 'अरेरे, बायकोही गेली वाटतं.' तू इथे उभी, दिवस गेलेले, आणि ती तुला हात जोडते. मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी गोदीतून डबा आणला."

"मग मला सांगायचं होतंत! घासून टाकायला सांगायचं होतं!"

"कोणाला सांगू? बाबा म्हणाले, पुसत नसतात. आणि ते दादाचं होतं." त्यांनी उंच दगडाकडे पाहिले. "दादाचं घर मी घेतलं. दादाचा मुलगा घेतला. पहिलं वर्षभर मी तुला वहिनीच म्हणत होतो, आठवतं ना? त्याच्या दगडावरची एक ओळ तरी त्याच्याकडे राहू दे म्हटलं. ती मी नाही काढणार. पण तू मेलेली दिसायला नको होतीस."

तामोत्सुंनी बोटे चटईस पुसली.

"गोदीत गेलो तेव्हा मला पहिलं काम हेच मिळालं होतं. शेंदरीचा डबा आणि ब्रश. त्याच जहाजाच्या पोटात. मुकादम म्हणायचा, पोरा, लोखंड उघडं राहिलं की मरतं. मी एक कोपरा सुटू दिला नाही. एवढं लावलं, एवढं लावलं... आणि दादा त्यावर चढला." त्यांनी आपल्या नखांकडे पाहिले. "त्याचं काही झालं नाही माझ्या हातून. हे एवढं नाव होतं. हाताशी होतं."

रित्सुकोने रुमाल तोंडास लावला. बापाच्या ज्या मुद्रेकडे तिला दर वसंतात पाहवत नसे, ती मुद्रा दुःखाची नव्हती. आपला रंग नीट बसला की नाही हे तो कारागीर दुरून पाहत असे.

हारुओ उठून दगडाजवळ आला. त्याचा आवाज खाली आला होता, परंतु त्याने हट्ट सोडला नव्हता. "आई, बाबांचं मला समजलं. नाव काढ, माझी हरकत नाही. पण दगड? फोटोतल्या बाबांचा दगड आडवा केला की ते कुणाचेच राहणार नाहीत. निदान जहाजाचं नाव कोरून इथेच उभा ठेवू दे."

किकुनो मुलाकडे पाहत राहिली. हाच चेहरा, याच वयाचा नाही, परंतु हाच.

"तुला एक सांगते. तू दोन महिन्यांचा होतास तेव्हा ते शेवटचे घरी आले. मी विचारलं, जहाजाचं नाव काय? म्हणाले, सांगता येत नाही. मी म्हटलं, बायकोलाही? म्हणाले, बायकोलाही. मग जाताना पायऱ्यांवरून परत फिरले, तुझ्या टाळूचा वास घेतला आणि म्हणाले, 'मोठं आहे गं. खूप मोठं.' एवढंच. ते नाव मला लढाई संपल्यावर बाजारात कळलं, मासळी घेताना. ज्या माणसाने मरेपर्यंत ते माझ्यापासून राखलं, त्याच्या अंगावर मी आता ते कोरू?"

"पण आता सगळं जग बोलतंय ते नाव!"

"बोलू दे जगाला. त्याच्याकडे दुसरं काय आहे? माझ्याकडे 'मोठं आहे गं' आहे. आजपासून तुझ्याकडेही आहे. ते काही मातीत घालता येत नाही."

हारुओने आपल्या टाळूवरून हात फिरवला. कदाचित त्यास स्वतःस कळलेही नसावे. नंतर तो बादली उचलून गेला, पाणी भरून आणले, आणि उंच दगडावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत शांतपणे ओतले, जसे मृतास शेवटचे न्हाऊ घालतात.

"आडवा करा," तो पाथरवटास म्हणाला. "पण मी धरणार. एकट्याने पाडू नका."

"आणि नाव, आजी?" पाथरवटाने विचारले.

पंगतीतील सर्वांनी मान वर केली. ताकेयोनेही. या घराण्यात किकुनोच्या जागेविषयी तिला विचारण्यात आले, असा हा पहिलाच प्रसंग.

"यावरचं काढा," किकुनो म्हणाली. "आणि या घराण्याच्या दगडावर, कडेला, दोन नावं कोरा. आधी यांचं. मग माझं. दोन्ही तांबड्यात."

"ऐकू आलं का रे?" ताकेयो भावाच्या कानात ओरडली. "तुझं नाव कोरायला सांगतेय!"

"माझं? मी तर जिवंत आहे."

"म्हणूनच तर!" किकुनो म्हणाली.

दुपारभर छिन्नीचा टणत्कार चालू राहिला. शेंदरी थर इतके घट्ट होते की पाथरवट मध्ये मध्ये थांबून कपाळ पुशी आणि म्हणे, "दादा, तुम्ही दगडाला चिलखत चढवलंत हो!" तामोत्सुंना ती स्तुती वाटली, आणि तशी ती होतीही. किकुनोने डबे आवरताना कमळकाकडीचे मधले, बिनधाग्याचे तुकडे वेचून नणंदेपुढे ठेवले. ताकेयोने एक तोंडात टाकला, चावला, आणि संशयाने विचारले, "वहिनी, ही दुसऱ्या दुकानातली का?"

"नाही," किकुनो म्हणाली. "तुमच्यासाठी वेगळी काढली."

इसामुचा दगड आडवा झाला तेव्हा हारुओने त्याचा माथा दोन्ही हातांनी धरला होता. मग कोरीव काम संपले, आणि तामोत्सुंनी फळांच्या पिशवीच्या तळातून एक छोटा डबा व आखूड केसांचा ब्रश बाहेर काढला. दरवर्षीप्रमाणे तो त्यांनी आणलाच होता. कोणी काही ठरवो, नाव कोरे राहू द्यायचे नाही, एवढे त्यांनी मनाशी ठरविले होते.

खालून बंदराकडचा वारा सुटला होता व पाकळ्या, धूळ, काटक्या वर येत होत्या. ओल्या रंगास हे सारे चिकटू नये म्हणून हारुओने आपला काळा कोट काढला व दगडाच्या एका अंगास पसरून धरला. कोटाचे दुसरे टोक रित्सुकोने येऊन धरले.

"सरक जरा," म्हणून तामोत्सु ब्रशसह वाकू लागले. किकुनोने त्यांच्या हातून ब्रश काढून घेतला.

"तुमचं मी लावणार."

"अगं, वरून खाली नको. खालून वर घे. ओघळ येतात."

"बोलू नका. हलू नका."

"मी कुठे हलतोय? नाव तर दगडावर आहे."

तिने त्यांच्या नावाची पहिली रेघ खालून वर भरली. रंग किंचित बाहेर गेला, आणि तो तिने अंगठ्याने पुसून घेतला. पुसता पुसता तिच्या अंगठ्याच्या नखात शेंदूर बसला. त्यांचे नाव पुरे झाल्यावर तिने ब्रश त्यांना दिला, आणि त्यांनी, वर्षानुवर्षांच्या सरावाने, एकदाही न थांबता तिचे भरले.

उतरताना ऊन कलले होते. वळण आले, झाडी संपली, खाली गोदीचे छप्पर उघडे पडले. सवयीने किकुनोची मान डोंगराकडे वळली, ताकेयोचीही वळली. वर, समाध्यांच्या दाटीत, एका बुटक्या दगडाच्या कडेस दोन ओले शेंदरी डाग उन्हात चमकत होते.

या खेपेस रित्सुको हसली नाही. तिचीही मान वळली होती. तिच्यामागे हारुओची. आणि तामोत्सुंस काय चालले आहे ते ऐकू आले नव्हते, परंतु सगळे जेथे पाहत होते तेथे त्यांनीही पाहिले, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "ठीक बसलाय."

येथपर्यंत ज्यांनी माझी ओबडधोबड अक्षरे गोड मानून घेतली, त्या सर्व वाचकांचा मी ऋणी आहे. रंग कोठे ओघळला असेल, तर तो दोष माझ्या हाताचा.

आपला नम्र,
जनार्दन धाकू तांडेल